गुरुवारचा फुकटचा तास

रेडिओवर बोलायचं म्हटलं की लोकांना एकतर आकाशवाणी आठवते, नाहीतर शहरातल्या एफएमवरचे श्वास न घेता बडबडणारे आरजे. या दोन्हींखेरीज रेडिओची एक तिसरी जात आहे. तिच्यावर मी २०१० ते २०१६ अशी सहा वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी एक तास बोलले, हे माझ्या बऱ्याच नातेवाइकांनाही धड माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांच्या लेखी ते "हिचं शाळा सुटल्यावरचं काहीतरी" होतं. तर आज त्याबद्दल. आठवणी सांगणारच आहे, पण थोडं भांडायचंही आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

सरकारी कागदांत त्याला सामुदायिक रेडिओ म्हणतात, बाकी सगळे कम्युनिटी रेडिओ म्हणतात आणि आमच्या तालुक्यात नुसतं "आपला रेडिओ". प्रक्षेपणाची ताकद जास्तीत जास्त शंभर वॅट, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. अँटेना तीस मीटरपेक्षा उंच चालत नाही. सपाटीवर दहा-बारा किलोमीटर ऐकू येतं, मधे डोंगर आला की संपलं. आमच्या पूर्वेला नेमका डोंगर होता, त्यामुळे पलीकडच्या वाड्यांना आम्ही कधी ऐकूच आलो नाही. तिथली माणसं बाजाराला आली की विचारायची, "आमच्याकडं कवा येनार तुमचा रेडिओ?" डोंगराला कोण काय सांगणार!

या रेडिओचा जन्म क्रिकेटमधून झाला असं सांगितलं तर पटेल का? १९९३ च्या हिरो कपचे सामने कोणी दाखवायचे यावरून बंगालची क्रिकेट असोसिएशन आणि सरकार यांच्यात वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल आला. मुख्य निकालपत्र आपल्या न्या. पी. बी. सावंतांचं. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं त्या निकालानं स्पष्ट केलं. म्हणजे माझ्या-तुमच्या डोक्यावरच्या हवेवर माझा-तुमचाही हक्क. पुढे आधी फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली आणि २००४ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं. नोव्हेंबर २००६ मध्ये नियम बदलले आणि सामाजिक संस्थांनाही दार उघडलं. २००८ साली तेव्हाच्या आंध्रात, आत्ताच्या तेलंगणात, जहीराबादजवळ संघम रेडिओ सुरू झाला. तो दलित बायकांनी चालवला, आणि माइकमागच्या दोघींचं नावही एकच, नरसम्मा. आपल्याकडे सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनीही त्याच सुमाराची. आमचं केंद्र यांच्या मागून आलेलं, लहान. नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात कुणाचं नाव नको.

स्टुडिओ म्हणजे संस्थेच्या इमारतीतली जुनी अडगळीची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या लावलेल्या. त्या गोधड्या गावातल्या बायकांनीच दिल्या होत्या, त्यामुळे पाहुणी आली की आधी भिंतीकडे बघायची. "ही माझ्या जावंची हाय!" झालं, माइकची भीती तिथेच निम्मी पळायची. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद. एप्रिल-मे महिन्यात आत बसणं म्हणजे शिक्षाच. त्यात भारनियमन. ट्रान्समीटर आणि कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर, आम्ही घामावर.

मिक्सर सांभाळायला बारावी झालेला एक मुलगा होता. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर तो स्वतःच शिकला होता आणि त्यात तो बोलण्यातले खोकले असे काढायचा की शिंप्यानं उसवलेला धागा काढावा. मला तो "मॅडम" म्हणायचा, पण वेळ संपत आली की काचेपलीकडून खुशाल हात करून गप्प करायचा. शाळेत माझ्यापुढे मान वर न करणारी पोरं आणि इथे हा! मला ते फार आवडायचं.

गुरुवार आमच्याकडे बाजाराचा दिवस. म्हणून माझा तास बाजाराचा. दुपारी शाळा सुटली की रेकॉर्डर घेऊन बाजारात चक्कर, आणि सहा ते सात प्रक्षेपण. मेथीची जुडी काय भावानं गेली, शेळी काय भावानं गेली, कुणाचं काय हरवलं, कुठल्या परीक्षेचे फॉर्म सुटले. मग एक गप्पा, मग एक गाणं. सिनेमाची गाणी लावायची तर हक्कांचे पैसे भरावे लागतात, ते केंद्राला झेपत नव्हते. त्यामुळे भजनी मंडळ, शाळेतली पोरं, गजी नृत्याचे ढोल, वासुदेव, जे मिळेल ते. गरिबीचा असाही फायदा असतो.

सुरुवातीला एक अडचण फार आली. माइक समोर ठेवला की माणूस वर्तमानपत्र व्हायचा. बाजारात "औंदा कांद्यानं मारलं बगा" म्हणणारा शेतकरी खोलीत येऊन बसला की "यंदाच्या वर्षी कांदा उत्पादक शेतकऱ्यांची परिस्थिती अत्यंत बिकट झालेली आहे" असं म्हणायचा. पिढ्यान् पिढ्या रेडिओ म्हणजे सुधा नरवण्यांच्या प्रादेशिक बातम्या, हे कानात इतकं मुरलेलं की रेडिओवर आपल्या बोलीत बोलायचं असतं हे कुणाला वाटतच नव्हतं. मला त्या बातम्यांबद्दल प्रेमच आहे. पण आपली भाषा रेडिओच्या लायकीची नाही असं चारचौघांना वाटणं हे काही बरं नव्हे. शेवटी आम्ही एक युक्ती काढली. आधी चहा द्यायचा, गप्पा होऊ द्यायच्या आणि मग म्हणायचं, "दादा, आत्ता जे सांगितलंत ना, तेच आणि तसंच परत सांगा." दोन-तीन महिन्यांनी युक्तीची गरज उरली नाही. एका शेतकऱ्याचं "औंदा" रेडिओवर गेलं आणि बाकीच्यांना परवानगी मिळाली.

एक आज्जी होत्या. जात्यावरच्या ओव्यांची खाण. त्यांना स्टुडिओत आणलं, माइकसमोर बसवलं, पाणी दिलं. आज्जींना एक ओवी आठवेना. "जातं न्हाई तर काय आठवनार?" त्यांचं म्हणणं. खरंच आहे, हात फिरल्याशिवाय गळा फिरत नाही. मग आम्हीच त्यांच्या घरी गेलो. पडवीत जातं बाहेर काढलं, जोडीला जाऊबाई बसल्या, दोन मुठी ज्वारी घातली आणि आज्जी सुरू झाल्या. चाळीस मिनिटं. मधे कोंबड्या, मधे कुणाची तरी मोटरसायकल, आणि या सगळ्याखाली जात्याची घरघर. मिक्सरवाल्या मुलानं एकही आवाज काढला नाही. म्हणाला, "मॅडम, ह्यातलं काय काढलं तर खोटं वाटंल." आरजे होण्याच्या कोर्समध्ये हे शिकवतात का मला माहीत नाही.

आता मामांचा प्रश्न. (मामा हे वाचणार आहेत, म्हणून लिहून टाकते.) दर दिवाळीला ते विचारायचे, "किती देतात गं?" काही नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, "ऐकतात तरी किती जण?" याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. आमच्याकडे श्रोते मोजायचं यंत्र नव्हतं. होते ते मिस्ड कॉल. कार्यक्रम आवडला तर मिस्ड कॉल द्या असं सांगायचो, कारण त्याला पैसे पडत नाहीत. कधी तीस यायचे, कधी चार. मोबाइलमध्ये एफएम लावायला इयरफोनची वायर लागते, तीच अँटेना. म्हणून मेंढरांमागचा एक धनगर पोरगा कानात काही न घालता नुसती वायर गळ्यात अडकवून स्पीकरवर ऐकायचा. एकदा बाजारात तो मला आवाजावरून ओळखून म्हणाला, "तुमी त्या परवाच्या बाईंना शेवटी नीट बोलू दिलं न्हाई, गानं लावलं." असा हिशेब विचारणारा एक श्रोता मिळाला तर किती जण ऐकतात हा प्रश्न मला तरी फारसा महत्त्वाचा वाटत नाही. टीव्हीवरच्या कुणाला तो असं रस्त्यात गाठून विचारू शकला असता का?

आणि हेही काही नवं नाही. १९५६ साली पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांत युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं एक प्रयोग केला होता. सुमारे दीडशे गावांत रेडिओ ऐकणारी मंडळं, आठवड्यातून दोनदा शेतीवरचा कार्यक्रम, तो सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचा, मग चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेसाठी पॉल न्यूराथ यांनी त्याचा अभ्यास केला. त्यात दिसलं ते असं की नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळं असलेल्या गावांतल्या लोकांना माहिती जास्त चांगली कळली. ज्याला उलट बोलता येतं त्याला ऐकूही जास्त येतं, एवढंच त्याचं सार. शाळेत पंचवीस वर्षं शिकवून मीही याच निष्कर्षाला आले आहे.

आता भांडणाकडे.

२०१२-१३ चा दुष्काळ तुम्हाला आठवत असेल. आमच्या भागात चारा छावण्या उघडल्या होत्या. माणसं जनावरांबरोबर महिनोन् महिने छावणीत राहायला गेली होती. घर एकीकडे, चूल एकीकडे. मी दोन-तीन गुरुवार तिथेच जाऊन रेकॉर्डिंग केलं. एक बाई भेटल्या, पस्तिशीच्या असतील. दोन बैल आणि एक गाय घेऊन आलेल्या, नवरा गावी म्हाताऱ्यांजवळ. त्यांनी छावणीतला पूर्ण दिवस सांगितला. पाण्याच्या टँकरची वाट बघणं, रात्री जनावरांच्या अंगाच्या उबेनं झोप लागणं, पोरीची शाळा बुडणं. आणि सांगता सांगता त्या म्हणाल्या की वैरण मापात कमी मिळते, आणि कुणाला कमी मिळते तेही सांगितलं. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. जसं बाकीचं सांगितलं तसंच हेही.

कार्यक्रम गेला. वैरणीचं वाक्य गेलं नाही. केंद्र चालवणाऱ्या मंडळींनी ते कापायला लावलं. कारण काय, तर ही बातमी होते, आणि कम्युनिटी रेडिओला बातम्या द्यायला बंदी आहे. परवाना जाईल. मी वाद घातला, उपयोग झाला नाही. त्यांचंही पोट त्या परवान्यावर होतं, हे मला कळतं. पुढच्या गुरुवारी त्या बाईंनी मला विचारलं, "मॅडम, माझं बाकीचं समदं आलं, ते वैरनीचं कुठं गेलं?" मी त्यांना नियम सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "म्हंजी आमी रडलेलं चालतंय, का रडतोय ते न्हाई."

इतक्या वर्षांत या धोरणावर यापेक्षा नेमकं कुणी बोललेलं मी वाचलं नाही.

नियम आजही तोच आहे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. हवामान, बाजारभाव, परीक्षा, नोकरीच्या जागा, पाणी आणि वीज कधी येणार, संकटाच्या सूचना, हे सगळं "बातमी नाही" म्हणून चालतं. म्हणजे टँकर किती वाजता येईल हे सांगता येतं. तो चार दिवस का आला नाही हे विचारायला गेलं की सगळे परवान्याकडे बघायला लागतात. यामागची भीती मला समजते. गावात भांडणं लागतील, कुणी पुढारी केंद्र ताब्यात घेईल, अफवा पसरतील. भीती खोटी नाही. पण आज त्याच गावात प्रत्येकाच्या खिशात व्हॉट्सॲप आहे. तिथे कोण बोललं, कुठून आलं, काही पत्ता लागत नाही. रेडिओचं तसं नाही. बोलणाऱ्याचा आवाज अख्खा गाव ओळखतो, केंद्राचा पत्ता सगळ्यांना ठाऊक असतो आणि प्रसारित केलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचं बंधन परवान्यातच आहे. अफवा पसरवायला यापेक्षा गैरसोयीची जागा शोधून सापडणार नाही. टीव्हीच्या वाहिन्या चोवीस तास बातम्यांच्या नावाखाली काय काय करतात ते आपण बघतोच. त्यांना सगळं माफ, आणि शंभर वॅटवाल्याच्या तोंडाला मात्र कुलूप? निदान गावापुरत्या, नाव-गाव सांगून, दुसरी बाजू विचारून दिलेल्या बातम्यांना परवानगी हवी. छावणीवाल्यांनाही बोलावलं असतं आम्ही. त्यांनी येऊन सांगितलं असतं की माप बरोबर आहे. लोकांनी दोन्ही ऐकलं असतं.

दुसरं भांडण त्या तीन महिन्यांवरून. नियम तीन महिने म्हणतो, आणि मग कॉम्प्युटर भरला की जुनं पुसलं जातं. कोणी वाईट हेतूनं पुसत नाही, जागा नसते म्हणून पुसतात. आज्जी २०१५ साली गेल्या. दिवसकार्य झाल्यावर नातू केंद्रावर आला. आज्जीचा आवाज पाहिजे होता. केंद्रात काही नव्हतं. शेवटी मिक्सरवाल्या मुलाच्या एका जुन्या पेनड्राइव्हमध्ये निम्मीअर्धी फाइल निघाली. चाळीसपैकी अकरा मिनिटं. नातवानं ती मोबाइलवर घेतली आणि तिथेच पायरीवर बसून पूर्ण ऐकली. बाकीची एकोणतीस मिनिटं कायमची गेली.

जात्यावरच्या ओव्या गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून जमवल्या, लाखाहून जास्त. आज त्या पारीच्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता-वाचता येतात. त्यामागे किती वर्षांचे कष्ट आहेत! आणि इथे देशभर शेकडो छोट्या केंद्रांमधून रोज असेच आवाज नोंदले जातात, आणि तीन महिन्यांनी पुसायला मोकळे होतात. परवाना देताना अँटेनाची उंची मोजतात, तसा एक हार्ड डिस्कचा नियमही करायला काय हरकत आहे?

तिसरं म्हणणं जरा आपल्यातलंच. आमचं केंद्र अजून चालू आहे, पण बराचसा वेळ तयार कार्यक्रमांचा. कुठून तरी आलेल्या आरोग्यावरच्या, बचतीवरच्या मालिका. माहिती चांगलीच असते, आवाज गोड असतात, पण त्यांना बाजारात कुणी हटकू शकत नाही. निदान अर्धे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागानं व्हावेत हे २००६ पासून नियमातच आहे. पण नियम पाळायला माणसं लागतात, आणि माणसं म्हणजे आम्ही फुकटे. इथे एक स्पष्ट सांगते. सगळंच फुकट चालावं असं मी म्हणत नाही. मिक्सरवाला मुलगा हुशार होता, त्याला पगार हवा होता, तो मिळेना म्हणून चाकणला कंपनीत गेला. त्याचं बरोबरच होतं. रोज आठ तास राबणाऱ्याला सेवाभाव शिकवू नये. जाहिरातींचा वेळ २००६ साली तासाला पाच मिनिटं होता, २०२४ च्या सुधारित नियमांत तो बारा मिनिटं झाला. त्यातून असे पगार सुटले तर आनंदच आहे. फुकट करावं ते माझ्यासारखीनं, जिची नोकरी दुसरीकडे चालू आहे आणि आठवड्यातून एक तास आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की तुमच्या आसपास असं केंद्र असेल तर जा आणि एक तास मागा. पुण्यात विद्यापीठाचं विद्यावाणी आहे, बारामतीकडे आहे, म्हसवडला आहे. आवाज चांगला लागत नाही. माझा शाळेत ओरडून ओरडून घोगरा झालेला होता. तुमच्यापैकी जे लिहितात त्यांना तर सवयच आहे. कुणी पैसे देत नाही, वाचणारे मोजके, आणि तरी आपण रात्री जागून लिहितोच. रेडिओवर फक्त एक जास्तीची अट आहे. आपण गप्प बसून दुसऱ्याला बोलू द्यायचं. मला ते जमायला पहिलं वर्ष गेलं, कारण मास्तरणीला गप्प बसवणं सोपं नसतं.

आणि हो, नवा फोन घेताना त्यात एफएम आहे का ते दुकानदाराला विचारत जा. हल्ली बऱ्याच फोनमध्ये ते नसतं किंवा असून बंद असतं. २०२३ साली सरकारनंही कंपन्यांना ते चालू ठेवायला सांगितलं होतं. पूर आला, टॉवर पडले, नेट गेलं की हाच शंभर वॅटचा बल्ब कामाला येतो.

बदली झाल्यावर मी ते गाव सोडलं. गुरुवारी सहा वाजता अजूनही हात उगाच पंख्याच्या बटणाकडे जातो. पुढच्या वेळी गजी नृत्यवाल्यांची गंमत सांगेन, ती एक वेगळीच कथा आहे.